अक्षर आणि त्याची आकृती

भोपाळच्या सोनागिरी वसाहतीत टंकलेला मराठी लेख पुण्यास ई-मेलने पाठवावा, आणि तिकडून उत्तर यावे की, 'लेख पोहोचला, परंतु तो कोणत्या भाषेतील आहे हे समजत नाही', हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस आला असेल. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला, क्वचित संपादकाला दिला जातो. वस्तुतः दोघेही निर्दोष असतात. लेख जसाच्या तसा पोहोचलेला असतो. मात्र त्यात आरंभापासूनच मराठी नसते.

हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून एक उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील कचेऱ्यांतून व टंकलेखनाच्या दुकानांतून 'कृतिदेव' या फाँटचा प्रसार फार मोठा आहे. त्या फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला असता कागदावर 'मराठी' असेच उमटते. परंतु संगणकाच्या स्मृतीत रोमन लिपीतील ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे जातात. फाँट एवढेच करतो की, 'ई'च्या जागी 'म'चे चित्र दाखवतो, 'जे'च्या जागी 'र'चे, 'के'च्या जागी काना. ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे हा मुखवटा गळून पडतो आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. संपादकांनी पाहिली ती हीच.

आणखी खोलात गेल्यास असे दिसते की, या चित्रांना अक्षरांचाही विधिनिषेध नाही. 'भ' हे अक्षर तेथे एक नसून दोन तुकडे आहेत: अर्धा भ आणि त्यापुढील उभी रेघ, आणि ही रेघ म्हणजे वर सांगितलेला कानाच होय. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावयाची, कारण ती डावीकडे दिसते. उच्चारात ती नंतर येते याची त्या व्यवस्थेला खबर नाही. उलट रफार अक्षरानंतर द्यावयाचा. थोडक्यात, लेखनिक टंकतो ते डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतीच्या क्रमाने, कानांना ऐकू येणाऱ्या वर्णांच्या क्रमाने नव्हे. ही रीत टंकलेखनयंत्राची होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरले आणि नागपूरचा बराचसा नोकरवर्ग इकडे आला, तेव्हापासून कित्येक वर्षे येथील बोटांना हाच सराव होता. संगणक आले तेव्हा बोटांची सवय मोडण्यापेक्षा संगणकालाच फसविणे सोपे वाटले. त्या काळच्या लेखन-प्रणालींना एका अंकाला एक आकृती, तीही डावीकडून उजवीकडे, एवढेच कळत असे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या रीतीचा खरा तोटा असा की, प्रत्येक फाँटकर्त्याने आपापल्या सोयीने तुकडे मांडले. पुण्याच्या 'श्रीलिपी'तील मांडणी 'कृतिदेव'शी जुळत नाही.

वर्णाला अंक द्यावा, आकृतीला नव्हे, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' नावाचे मानक प्रसिद्ध केले ते याच तत्त्वावर. त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीची मांडणी 'इस्की'च्याच पूर्वीच्या रूपावरून घेतली. युनिकोडमध्ये देवनागरीस २३०४ ते २४३१ हे १२८ अंक दिलेले आहेत. तेथे 'म' म्हणजे २३५०, 'र' म्हणजे २३५२, काना २३६६, 'ठ' २३३६ आणि दीर्घ वेलांटी २३६८. हे अंक पुण्यात, भोपाळात वा न्यूयॉर्कला, विंडोजवर, मॅकवर वा हातातील फोनवर, सर्वत्र तेच राहतात. आकृती कशी जुळवावयाची हे प्रत्येक यंत्राने स्वतः पाहावे. विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून 'मंगल' फाँटसह मिळू लागली.

आपल्या जवळचा लेख कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे अवघड नाही. सर्व मजकूर निवडून फाँट 'मंगल' करावा. मराठी मराठीच राहिली तर लेख युनिकोडात आहे. रोमन अक्षरे दिसू लागली तर तो जुन्या पद्धतीचा आहे, आणि तो परिवर्तकातून काढल्यावाचून पाठवू नये. पीडीएफ पाठविली की भागते असे काही म्हणतात. वाचण्यापुरते ते खरे आहे, कारण फाँट त्या फाइलमध्येच अंतर्भूत करता येतो. परंतु जुन्या फाँटच्या पीडीएफमधून दोन ओळी उचलून दुसरीकडे ठेवल्या की पुन्हा तीच गत.

युनिकोडानेही सगळे प्रश्न सुटले असे नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र अंक २००८ साली मिळाला; त्यापूर्वी 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत. दोन्ही दिसतात सारखेच, पण एका रीतीने लिहिलेला 'ॲ' दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण हिंदी धाटणीच्या फाँटमध्ये हरवते. डोळ्याला ते खुपते हे कबूल; परंतु वर्ण शाबूत असतो, फाँट बदलला की वळणही परत येते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट 'र'ची आहे. आमच्याजवळ एका दिवंगत शिक्षकांच्या आठवणींची प्रत आहे. १९५६ साली नागपूर सोडून ते येथे आले, त्या दिवसांचे हे वर्णन. टंकणारा हिंदीभाषक होता, फाँट 'कृतिदेव'. हस्तलिखित घर बदलताना गेले. परिवर्तकाने साठ पृष्ठे काही क्षणांत मराठीत आणून दिली आणि आम्ही ती पेन्सिल घेऊन वाचावयास बसलो. हिंदीत आपल्यासारखा 'ऱ्य' नाही. म्हणून त्या लेखनिकाने जेथे जेथे असा 'र' आला तेथे सरसकट रफार दिला होता. 'सुर्या' दिसले तेथे भाजी चिरावयाच्या 'सुऱ्या' आहेत हे संदर्भाने कळले. 'दर्या'च्या ठिकाणी 'दऱ्या' केल्या, कारण सातपुड्यात समुद्र नाही. अशा तीसेक जागा सुधारल्या.

एक जागा मात्र राहिली. वसतिगृहातील पहिल्या हिवाळ्याविषयी लिहिताना ते म्हणतात की, तेथील आचार्यांना दोन महिने वेतन मिळाले नाही आणि तरीही त्यांनी काम सोडले नाही. हे आचार्य, म्हणजे शिकविणारे, की आचारी, म्हणजे स्वयंपाक करणारे? पुढच्या वाक्यात मुलांच्या कृतज्ञतेचा उल्लेख आहे, तो दोघांनाही शोभतो. त्या वसतिगृहातील हयात असलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांस आम्ही विचारले. एकाने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. संपादित प्रतीत तो शब्द आम्ही रफारासह तसाच ठेवला आहे आणि समासात प्रश्नचिन्ह केले आहे.