विद्यापीठाचा खरेदी अधिकारी कसा असावा?

पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखाने डोळ्यांपुढे येतात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागून टेल्को, बजाज आले आणि पुढे चाकणचा पट्टा वाढला. पण आता विद्यापीठे हीदेखील येथील मोठी गिऱ्हाइके आहेत. पिंपरीच्या डी. वाय. पाटील संस्थेला २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मावळात साते येथे पिंपरी चिंचवड विद्यापीठ उभे राहिले आहे. वसतिगृहाच्या गाद्या-चादरी, पडदे, प्रयोगशाळेचे ॲप्रन, रुग्णालयाचे कापड, फर्निचर, छपाई अशी नाना प्रकारची खरेदी विद्यापीठाला करावी लागते. म्हणून खरेदीच्या खुर्चीवर कोण बसतो, हा आम्हा व्यापारी-कारागिरांच्या पोटाचा प्रश्न आहे.

सार्वजनिक विद्यापीठांत २०१६ च्या कायद्यानुसार खरेदी समिती असते. खासगी संस्थांत व्यवस्थापन आपले नियम ठरवते. तेथे माणसाची पारख अधिक महत्त्वाची.

या पदासाठी चाकणच्या मोटार कारखान्यांतील अनुभवी माणूस सहज पुढे येतो. वेळेवर माल, लेखी नोंद, पुरवठादाराची नियमित तपासणी ही शिस्त त्याच्या अंगी असते. परंतु कारखान्यात नकाशा ठरलेला आणि एकच सुटा भाग हजारोंनी लागतो. विद्यापीठात प्रत्येक विभागाची मागणी निराळी, आणि ३१ मार्चपूर्वी निधी खर्च करण्याची घाई वेगळीच.

नुसता कमी दर पाहणारा माणूस येथे फसतो. मागणीपत्रात केवळ ‘सुती पांढरी चादर’ लिहिले, तर खळ चढवलेले विरळ कापड सर्वांत स्वस्त ठरते आणि काही धुण्यांतच त्याची चाळण होते. इंचातील धागे, चौरस मीटरचे वजन, आटण्याचे प्रमाण, रंगाचा पक्केपणा हे लिहून नमुना सीलबंद ठेवला, तर प्रामाणिक दुकानदारही टिकतो. आमचे मत असे, की मुलाखतीत उमेदवारापुढे दोन चादरी ठेवाव्यात आणि फरक विचारावा.

दुसरा प्रश्न बिलांविषयीचा असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने खरेदी सांभाळू नये.

आपल्या बंधूंनी मात्र एक भेद लक्षात ठेवावा. माल बनवणाऱ्या कारागिराने पुरवठ्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे. निव्वळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये दिलेली नोंदणी बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच आहे. त्यामुळे व्यापाऱ्याने पैशाची मुदत आणि उशिराचे व्याज ऑर्डरवरच लिहून घ्यावे.

आणि आपली वाणिज्य पदवीधर मुले? गल्ल्यावर बसून त्यांना मालाची पारख आणि भावाची जाण आलेली असते. तिला निविदा आणि संगणकाच्या ज्ञानाची जोड दिली, तर खिडकीबाहेर बिलाची वाट पाहणाऱ्यांची मुले उद्या त्या खुर्चीसाठी अर्ज करू शकतील.