केडगावहून वाल्परायसोला

अँड्र्यू वॉल्स हे तरुण ब्रिटिश प्राध्यापक १९५७ साली सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला गेले, ते चर्चचा इतिहास शिकवायला. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी वर्गात बोलताना त्यांच्या ध्यानात आलं, की तशाच कोवळ्या, घडत्या मंडळ्या आपल्या अवतीभवती नांदताहेत आणि आपण त्यांच्याकडे नीट पाहिलेलंच नाही. १९८२ मध्ये त्यांनी ॲबर्डीनला पाश्चात्त्येतर जगातल्या ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. ते पुढे एडिंबरा विद्यापीठात गेलं. आज तिथे ‘जागतिक ख्रिस्ती धर्म’ या विषयात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करता येते.

या विषयाची गरज का भासली? प्यू रिसर्च सेंटरच्या २०११ च्या अहवालानुसार १९१० मध्ये जगातले दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत होते. २०१० मध्ये जेमतेम चौथा हिस्सा उरला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी होता, तो २४ टक्क्यांच्या घरात गेला. लोक बदलले, पण क्रमिक पुस्तकं मात्र रोम, विटेनबर्ग आणि लंडनभोवतीच फिरत राहिली.

हा जुना नकाशा कसा मोडतो, ते आपल्या दौंडजवळच्या केडगावात दिसतं.

१९०५ च्या जूनअखेरीस पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेला उधाण आलं. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचवलेल्या. एका मुलीला शेजारची मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती पाण्याची बादली घेऊन धावली आणि ओतणार, तोच कळलं की पेटलेलं काहीच नाही. रमाबाईंच्या अमेरिकी सहकारी मिनी एब्रम्स यांनी हे सारं १९०६ मध्ये एका पुस्तिकेत लिहिलं. ती पुस्तिका चिलीतल्या वाल्परायसोला पोचली, कारण तिथले मेथॉडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर यांच्या पत्नी मे या एब्रम्स यांच्या शिकागोच्या सहाध्यायी. १९०९ मध्ये हूव्हर यांच्या मंडळीत तसंच उधाण आलं. लवकरच ते मातृसंस्थेतून बाहेर पडले आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी, चर्च उभी राहिली. तिथले बहुसंख्य प्रोटेस्टंट आज याच प्रवाहातले आहेत.

पेंटेकोस्टल चळवळीचा उगम सर्रास लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर दाखवला जातो. तिथल्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये, केडगावनंतर. बर्मिंगहॅमचे प्राध्यापक ॲलन अँडरसन यांनी हा कालक्रम पुढे ठेवून उगम एक नव्हे, अनेक होते, असं ठामपणे मांडलं. हे म्हणणं पटण्याजोगं आहे. एका मराठी बाईने उभारलेल्या संस्थेतली घटना दक्षिण अमेरिकेतल्या चर्चला वळण देते आणि त्यात युरोपची मध्यस्थी कुठेच नसते, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

अडचण साधनांची आहे. मुक्तीचा वृत्तान्त जगभर गेला तो ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे मिशनचं नियतकालिक आणि एब्रम्स यांची पुस्तिका यांच्या इंग्रजीतून. रमाबाईंचं मराठी लेखन, त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं भाषांतर, १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, ना. वा. टिळकांची भजनं हे वाचायला मराठी यावी लागते. एडिंबरात बसून केडगाववर प्रबंध लिहायचा, तर पहिलं वर्ष त्यासाठीच राखून ठेवलेलं बरं.