पेस्कारा: गावांमधून धावणारी शर्यत
इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पेस्कारा शहरात १९२४ साली पहिली ‘कोप्पा आचेर्बो’ शर्यत झाली. अल्फा रोमिओ चालवून ती जिंकली एन्झो फेरारी यांनी. स्वतःच्या नावाच्या गाड्या त्यांनी बऱ्याच नंतर काढल्या. सर्किट म्हणजे रोजच्या रहदारीचे रस्तेच. किनाऱ्यावरून सुटायचे, टेकड्यांवरच्या स्पोल्तोरे, काप्पेल्ले या गावांतून घरांना खेटून जायचे आणि उतरून पुन्हा समुद्राकाठी. एक फेरी सुमारे २५ किलोमीटरची! आज हा शुद्ध वेडेपणा वाटेल, आणि तेव्हाही तो होताच: १९३४मध्ये गी मॉल हा तरुण चालक इथेच ठार झाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची शर्यत इथे एकदाच झाली, १९५७ साली. स्टर्लिंग मॉसने ती व्हॅनवॉलमधून जिंकली. एवढे लांब सर्किट त्या स्पर्धेत आधी नव्हते, नंतरही आले नाही. १९६१नंतर इथल्या शर्यती बंद झाल्या.