जुलैसाठी घेतलेले खेळाडू
बेसबॉलचं अर्थकारण : लेखांक ६

मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली आणि करार संपला की खेळाडू मुक्त होतो, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. या मुक्त खेळाडूंमागे श्रीमंत, जिंकणारे संघ धावणार यात नवल नाही. पण यंदा आपण तळालाच राहणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो संघ एखाद्या मुरलेल्या पिचरला एका वर्षासाठी साठ लाख डॉलर का मोजतो? बरेचदा त्याला त्या पिचरचा सप्टेंबर नको असतो. त्याला जुलैत तो विकायचा असतो.

या व्यवहाराचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण शिकागो कब्सचं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थिओ एपस्टीन या संघाचा कारभार पाहायला आला. जेड हॉयर सरव्यवस्थापक झाला. १९०८ नंतर संघाला अजिंक्यपद नव्हतं. २०१२ मध्ये १६२ पैकी १०१ सामने संघ हरला. पदरी गुणी तरुण खेळाडू फारसे नव्हते आणि ते मिळवायचे रस्तेही मोजकेच होते. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ आपली ड्राफ्टमधली पाळी दुसऱ्याला देऊन सौदा करू शकतात. बेसबॉलमध्ये थोडे अपवाद वगळता ती मुभा नाही. दुसऱ्याचा उमदा पोरगा हवा असेल तर बदल्यात बहुधा खेळाडूच द्यावा लागतो. कब्सकडे देण्याजोगे खेळाडू नव्हते. पैसा मात्र होता. म्हणून हिवाळ्यात पैसा देऊन खेळाडू घ्यायचा आणि उन्हाळ्यात तो खेळाडू देऊन भविष्य घ्यायचं, असा द्राविडी प्राणायाम त्यांनी आरंभला.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्कॉट फेल्डमनला साठ लाखांवर एका वर्षासाठी करारबद्ध केलं. टेक्सास रेंजर्सकडून तो आठ मोसम खेळला होता. २००९ मध्ये त्याने १७ सामने जिंकून दिले होते, पण २०१२ मध्ये त्याची दर नऊ डावांमागे धावा देण्याची सरासरी पाचच्या वर गेली होती. अशा खेळाडूला तगड्या संघात हक्काची जागा मिळत नाही. दुबळा संघ मात्र त्याला दर पाचव्या दिवशी चेंडू हातात देतो. वर्षभर नीट खेळलं तर पुढचा करार मोठा होईल, हा त्याचा हिशेब. फसवणूक यात कुठेच नाही. जुलैत काय होऊ शकतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

फेल्डमनने आपलं काम चोख केलं. जून संपता संपता त्याच्या नावावर सात विजय होते आणि सरासरी ३.४६. तिकडे बाल्टिमोर ओरिओल्स प्लेऑफच्या शर्यतीत होते आणि त्यांना पिचर हवाच होता. या सौद्यांची सगळी किल्ली इथे आहे. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत असा पिचर साधारण पंधरा सामने सुरू करतो. बाल्टिमोरसाठी त्या पंधरा सामन्यांवर अख्खा मोसम टांगलेला होता. शिकागोसाठी त्यांची किंमत शून्याच्या जवळ होती. माणूस तोच, हात तोच, पण दोन शहरांत त्याच्या उरलेल्या तीन महिन्यांचा भाव वेगवेगळा. या फरकावरच सौदा उभा राहतो.

२ जुलै २०१३ ला सौदा झाला. फेल्डमन आणि यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर स्टीव्ह क्लेव्हेंजर बाल्टिमोरला गेले. बदल्यात परदेशी तरुणांना करारबद्ध करण्याच्या निधीतला वाटा आणि दोन पिचर आले : जेक अरिएटा आणि पेड्रो स्ट्रोप. त्या वर्षी बाल्टिमोरकडून दोघांचीही सरासरी सातच्या वर होती. म्हणजे शिकागोनेही त्यांच्याच घरातली टाकून दिल्यासारखी माणसं मागून घेतली. अरिएटा अंगाला आडवा छेद देत चेंडू फेकायचा. बाल्टिमोरमध्ये त्याची ती ढब सुधारायचा प्रयत्न झाला होता. शिकागोने त्याला त्याच्या पद्धतीने फेकू दिलं. २०१५ मध्ये २२ विजय, १.७७ ची सरासरी आणि साय यंग पुरस्कार. बाल्टिमोर मात्र २०१३ च्या प्लेऑफला पोचलंच नाही.

पुढच्या वर्षी हाच प्रयोग जेसन हॅमलवर झाला. पुन्हा साठ लाख, पुन्हा एक वर्ष. २०१४ च्या जुलैत जेफ समार्जा याच्यासोबत त्याला ओकलंडला धाडलं आणि अॅडिसन रसेल हा शॉर्टस्टॉप घेतला. आता २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना पाहा. क्लीव्हलंड ३-२ ने पुढे, कब्स हरले तर सगळं संपलं. कब्सचा पिचर अरिएटा. तिसऱ्या डावात बेस भरलेले असताना रसेलने चेंडू कुंपणापार धाडला : ग्रँड स्लॅम. कब्स ९-३ ने जिंकले. दुसऱ्या रात्री सातवा सामना सुरू करणारा काइल हेंड्रिक्सही २०१२ च्या जुलैतला, रायन डेम्पस्टरच्या बदल्यात आलेला. डेम्पस्टर कब्सचा जुनाच खेळाडू होता, पण तर्क तोच. १०८ वर्षांनी आलेल्या त्या अजिंक्यपदाची मुळं अशी हरलेल्या उन्हाळ्यांत आहेत.

प्रत्येक डाव साधतोच असं नाही. फेल्डमनच्याच हिवाळ्यात कब्सनी स्कॉट बेकरला ५५ लाख दिले. कोपराच्या शस्त्रक्रियेतून तो सावरायलाच सप्टेंबर उजाडला. तोवर सौद्यांची जुलैतली मुदत उलटून गेली होती. पैसे गेले, हाती काही आलं नाही. दुसऱ्या टोकाला कॅन्सस सिटी. २०२३ च्या हिवाळ्यात त्यांनी चौतिशीतल्या अरोल्डिस चॅपमनला ३७.५ लाखांत घेतलं आणि जूनअखेरीस टेक्सासला देऊन कोल रेगन्स मिळवला. त्याच वर्षी टेक्सास अजिंक्य ठरलं आणि रेगन्स पुढच्याच मोसमात ऑल-स्टार झाला. दोन्ही संघांचं भलं झालेला इतका स्वच्छ सौदा विरळा.

मला हा मार्ग दुबळ्या संघांच्या इतर मार्गांपेक्षा प्रामाणिक वाटतो. निदान जुलैपर्यंत तरी प्रेक्षकाला खरा पिचर पाहायला मिळतो. पण यात खेळाडूच्या वाट्याला काय येतं, हे बघायला हवं. फेल्डमनचं भलं झालं. ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांसाठी तीन कोटी दिले. हॅमलचं तसं नाही. ओकलंडला गेल्यावर २०१४ च्या वाइल्ड कार्ड सामन्यात बाराव्या डावात साल्व्हाडोर पेरेझचा निर्णायक फटका बसला तो त्याच्याच चेंडूवर. तो कब्सकडे परतला, २०१६ मध्ये १५ सामने जिंकला, आणि प्लेऑफच्या चमूत त्याला जागाच मिळाली नाही.

नियम अशा खेळाडूला किती सांभाळतात? नव्याने करारबद्ध झालेल्या मुक्त खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय जूनच्या मध्यापर्यंत दुसरीकडे देता येत नाही. सौद्यांचा हंगाम मात्र खरा पेटतो तो त्यानंतर. सौदा कायमचा नाकारायचा हक्क हवा तर दहा वर्षांची सेवा लागते, आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात. एकेका वर्षाच्या करारावर गावोगाव फिरणाऱ्या खेळाडूची ही पाच वर्षं कधीच भरत नाहीत. सध्याचा सामूहिक करार २०२६ च्या डिसेंबरात संपतो. एका वर्षाच्या करारावर आलेल्या खेळाडूला निदान दोन-तीन संघ नाकारण्याचा हक्क मिळावा, ही मागणी खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या वाटाघाटींत लावून धरायला हवी.

(पुढील लेखांकात : लवादाची सुनावणी आणि तिथे मांडला जाणारा पगाराचा हिशेब)