दीडशे पीएसआय कशाला?

बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो '१५० पीएसआय'. घेणाराही बहुधा त्यावरच भाळतो. वास्तविक छोट्या कारच्या टायरला हवा लागते ३० ते ३६ पीएसआय, स्कूटरच्या पुढच्या चाकाला त्याहूनही कमी. शंभराच्या आसपास लागते ती रेसिंग सायकलच्या बारीक टायरला किंवा ट्रकला, आणि ट्रकचं चाक भरणं हे या हातभर पंपाचं कामच नव्हे. तेव्हा दीडशेचा आकडा खुशाल सोडून द्यावा. विचारायचं ते तीनच गोष्टींबद्दल: मिनिटाला हवा किती ढकलतो, बॅटरीत ऊर्जा किती, आणि न थांबता किती वेळ चालतो.

पंपाच्या पोटात एक छोटी मोटर असते. तिच्या फिरण्याने एक पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर होतो. खाली जाताना बाहेरची हवा आत येते, वर येताना ती दाबली जाऊन एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून नळीत जाते. नळीच्या अलीकडे दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. ठरवलेला दाब आला की तो मोटर बंद करतो. एवढंच यंत्र. पिस्टन लहान, म्हणून एका फेरीत हवा थोडी, म्हणून फेऱ्या फार, म्हणून तो कर्कश आवाज. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला हा पंप लावणाऱ्याने शेजाऱ्यांच्या नजरांची तयारी ठेवावी.

आता थोडा हिशेब करू. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकचा टायर. त्याच्या आत साधारण ३० लिटर जागा असते. हवा २८ पीएसआयवर उतरली आहे आणि ३३ करायची आहे, म्हणजे ५ पीएसआय चढवायचे. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, त्याचा हा साधारण तिसरा हिस्सा. म्हणून ३० लिटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे बाहेरची १० लिटर हवा आत घालावी लागेल. तोच टायर पार बसलेला असेल, तर शून्यापासून ३३ पर्यंत जायला ६५ ते ७० लिटर हवा लागेल. पंप कारच्या दाबाला मिनिटाला दहा-बारा लिटर ढकलतो असं धरलं, तर पहिलं काम मिनिटभराचं आणि दुसरं सहा-सात मिनिटांचं.

'कारच्या दाबाला' हे शब्द महत्त्वाचे. खोक्यावर लिटरचा जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा नळीचं तोंड मोकळं ठेवून मोजलेला असतो. समोरून दाब आला की तो खाली येतो. काही कंपन्या अमुक मापाचा टायर अमुक पीएसआयपासून अमुकपर्यंत किती वेळात भरतो, ते सरळ लिहितात. खोक्यावरची सगळ्यात कामाची ओळ तीच. ती नसेल तर मला तो पंप घ्यावासा वाटत नाही.

बॅटरीच्या आकड्यातही अशीच गंमत आहे. एका पंपावर ६००० एमएएच लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २०००, आणि दोन्हींत ऊर्जा तेवढीच असू शकते. २००० एमएएचचे तीन सेल एकामागे एक जोडले तर ११.१ व्होल्टला २००० एमएएच मिळतात. तेच सेल ३.७ व्होल्टच्या हिशेबाने मोजले की ६००० दिसतात. म्हणून वॉट-अवर बघावेत: इथे दोन्हीकडे २२ च्या आसपास. मोटर १०० वॉट खात असेल आणि बसलेला टायर भरायला सात मिनिटं लागत असतील, तर १२ वॉट-अवर तिथेच गेले. चारही चाकांत पाच-पाच पीएसआय घालायचे तर एका चार्जमध्ये आरामात होतं, पण सपाट झालेले दोन टायर भरायचे म्हटलं तर धाकधूक. त्यात 'पॉवर बँक म्हणूनही वापरा' अशी जाहिरात असते. त्या फंदात पडू नये. मोबाइलला दिलेली बॅटरी ऐनवेळी टायरला मिळत नाही.

उष्णतेचं गणित मात्र कुणी खोक्यावर छापत नाही. सायकलला हातपंपाने हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तेच इथे, फक्त कितीतरी वेगाने. ३३ पीएसआय म्हणजे हवा मूळच्या एक तृतीयांशाहून कमी जागेत कोंबणं. तीस अंशांची हवा, तिची उष्णता बाहेर पडू न देता इतकी दाबली, तर हिशेबाने ती १५० अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात सिलिंडर बरीच उष्णता शोषून घेतो आणि तोच तापतो. म्हणून माहितीपत्रकात 'सलग दहा मिनिटं चालवा, मग विश्रांती द्या' अशी सूचना असते. ती पाळावी, आणि नळीच्या टोकाचा पितळी भाग लगेच हाताने काढायला जाऊ नये, चांगलाच चटका बसतो.

हे टोक दोन प्रकारचं येतं. एक आटे फिरवून बसवायचं, दुसरं दाबून खटका पाडायचं. खटक्याचं पटकन लागतं, पण सैल झालं की हवा गळते. आट्यांचं घट्ट बसतं, मात्र काढताना फुस्स होऊन थोडी हवा जाते. त्यासाठी एखादा पीएसआय जास्त लावून ठेवला की झालं. नळीची लांबी मात्र दुकानात बघूनच घ्यावी. स्कूटरचं चाक लहान, वॉल रिमच्या आत डिस्क किंवा ड्रमजवळ अडकलेला. तिथे आखूड, ताठ नळी वाकतच नाही. कार आणि मोटारसायकलचा वॉल एकाच जातीचा असतो. साध्या सायकलचा, रबरी नळीचा वॉल वेगळा. त्याला जोड लागतो, आणि तो वॉल हवा उलट येऊ देत नसल्याने पंपाला आतला दाब नीट कळत नाही. त्या टायरला अंगठाच बरा.

पडद्यावरचा आकडाही समजून वाचावा. मोटर चालू असताना नळीतला दाब टायरच्या दाबापेक्षा जास्त असतो, खरा आकडा थांबल्यावरच दिसतो. पंपावर एकक कोणतं लावलंय तेही पाहा. २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. मोटारसायकलच्या स्टिकरवर बऱ्याचदा किलो दर चौरस सेंटिमीटर असतं, त्यातला एक म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. आणि मोजणी थंड टायरवर, गाडी निदान तीन तास उभी असताना. घरी पंप असण्याचा खरा फायदा हाच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथे पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा वर चढतो. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर धावायचं असेल, तर हवा निघण्यापूर्वी घरीच बघावी. वाटेत तापलेल्या टायरचा चढलेला आकडा बघून हवा सोडणं हा उलटा उद्योग.

मग पंक्चरचं काय? ट्यूबलेस टायरमध्ये खिळा असेल आणि हवा हळू जात असेल तर खिळा न काढता भरावी आणि पंक्चरवाल्याकडे जावं. पण टायर सपाट होऊन रिमवरून सुटला असेल तर हा पंप निरुपयोगी. टायरची कड रिमवर परत बसवायला एकदम जोराचा झोत लागतो, तो दुकानातल्या मोठ्या टाकीतच असतो. ट्यूब असलेल्या टायरला खिळा लागला तर भरलेली हवा थांबतच नाही. २०२० पासून ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीविना विकण्याची मुभा आहे. अशी गाडी असेल तर पंप चैनीची वस्तू राहत नाही.

तरी फक्त कारच असेल, तर बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा वायरीचा पंप स्वस्तही पडतो आणि त्याची बॅटरी कधी उतरत नाही. बॅटरीवाल्याचे जास्तीचे पैसे घरात दुचाकी असेल तर वसूल होतात, कारण तिला सॉकेट कुठलं. शिवाय कारमध्ये महिनोन्महिने पडलेला बॅटरीचा पंप गरजेच्या वेळी मेलेला निघतो. लिथियम सेलला ऊन सोसत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो ठेवूच नये. घरात, साधारण निम्म्या चार्जवर ठेवावा, दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करावा आणि प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरून घ्यावा.