इन्‌विट

मध्य इंग्रजीतील ‘सदसद्विवेकबुद्धी’ ह्या अर्थाचा, आता लुप्तप्राय झालेला शब्द. ‘इन’ (आत) व ‘विट’ (जाणीव) ह्या दोन देशी घटकांपासून तो बनला. ‘विट’ व संस्कृतातील ‘विद्’ (जाणणे) हा धातू एकाच इंडो-यूरोपीय मूळातून आले आहेत. तेराव्या शतकातील *ॲन्क्रीन विस* ह्या एकांतवासी धर्मव्रती स्त्रियांसाठी लिहिलेल्या ग्रंथात हा शब्द नैतिक जाणिवेच्या अर्थाने आढळतो. तथापि त्याचा अर्थ एवढाच मर्यादित नव्हता. विल्यम लँग्लंडच्या *पिअर्स प्लाउमन* ह्या चौदाव्या शतकातील रूपककाव्यात देहरूपी गढीत राहणाऱ्या आत्म्याचा रक्षक म्हणून ‘सर इन्‌विट’ व त्याचे पाच पुत्र येतात. तेथे बुद्धी वा विवेक हा अर्थ प्रधान आहे.

ह्या शब्दाची ख्याती मुख्यतः *आयेनबाइट ऑफ इन्‌विट* (१३४०) ह्या ग्रंथामुळे टिकली. कँटरबरी येथील सेंट ऑगस्टीन मठातील डॅन मायकेल ह्या भिक्षूने १२७९ मधील एका फ्रेंच नीतिग्रंथाचा हा अनुवाद अशिक्षित लोकांसाठी केंटच्या बोलीत केला. त्याचे स्वहस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. ‘आयेनबाइट’ म्हणजे ‘पुन्हा चावणे’. पश्चात्तापवाचक ‘रिमोर्स’ ह्या शब्दाच्या लॅटिन मूळाचे हे शब्दशः भाषांतर होय. मराठीत मनाला टोचणी लागते. येथे अंतःकरण पुनःपुन्हा दंश करते.

फ्रेंचमधून आलेल्या ‘कॉन्शन्स’ ह्या शब्दाने पुढे ‘इन्‌विट’ला व्यवहारातून हटविले. जेम्स जॉइसने *यूलिसीझ* (१९२२) ह्या कादंबरीत मात्र डॅन मायकेलचे ग्रंथनाम किंचित बदलून पुनरुज्जीवित केले. मरणासन्न आईच्या इच्छेप्रमाणे गुडघे टेकून प्रार्थना करण्यास नकार दिलेल्या स्टीव्हन डेडलसच्या मनात ते वारंवार उमटते. न फेडलेल्या ऋणाची आठवण होते तेव्हा ते येते. तसेच दारिद्र्यात बुडणाऱ्या बहिणीला पाहूनही येते, कारण तिला वाचवू गेल्यास आपणही बुडू, अशी त्याला भीती वाटते. स्टीव्हनने धर्माचरण सोडले आहे; परंतु धर्माने दिलेली अपराधाची जाणीव त्याला सोडत नाही. मध्ययुगीन ग्रंथात हा दंश पापनिवेदन व क्षमा ह्यांकडे नेणारा होता. जॉइसच्या नायकाला तो मार्ग उरलेला नाही. शब्द तोच राहून त्यामागील आश्वासन नाहीसे झाल्याने त्याला आधुनिक साहित्यात नवी तीव्रता लाभली.