पडद्यावरील दृष्टांत

ज्या चित्रपटानें भारतीय चित्रपटाच्या जन्मास निमित्त दिलें तो ख्रिस्तचरित्राचा होता, ही गोष्ट पुष्कळांस ऐकून ठाऊक असते; तिचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. इ. स. १९१०-११ च्या सुमारास गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहांत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं ‘ख्रिस्ताचें जीवन’ हा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण उभे राहत होते, असें त्यांनीं पुढें स्वतःच नमूद केलें आहे. पुन्हां तो खेळ पाहावयास ते पत्नी सरस्वतीबाई यांस घेऊन गेले. अडीच-तीन वर्षांच्या आंत दादरांत ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला, व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतीलच कॉरोनेशन चित्रगृहांत तो सर्व लोकांस पाहावयास मिळाला.

आज चर्चमधील तरुण मंडळी खिशांतला मोबाइल काढून दोन-तीन मिनिटांचीं चलच्चित्रें तयार करतात, तेव्हां वडीलधाऱ्यांपैकीं कांहींजण नाक मुरडतात. देवाच्या दारांत हा सिनेमा कशाला, असें त्यांचें म्हणणें. वरील इतिहास पाहिला म्हणजे हा आक्षेप फारसा टिकत नाहीं. शिवाय इ. स. १९०० च्या आगेमागें युरोपांत जीं ख्रिस्तचरित्रें चित्रित झालीं, तीं सलग कथानकें नसून लहान लहान देखाव्यांच्या मालिकाच होत्या. जन्म, पलायन, जलाचें द्राक्षारसांत रूपांतर, क्रूसारोहण असा प्रत्येक देखावा मिनिट-दोन मिनिटांचा. त्यावर त्याचें नांव. आणि पॅरिसची पाथे कंपनी हे देखावे सुटे सुटेही विकीत असे. म्हणजे धार्मिक चलच्चित्राचा आरंभच आंखूडपणांतून झाला आहे.

इ. स. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें चर्चचे दरवाजे बंद झाले आणि मिस्सा इंटरनेटवरून घरोघरीं दिसूं लागली. त्या दिवसांत एक गोष्ट सर्वांच्याच प्रत्ययास आली. कोपऱ्यांत कॅमेरा उभा करून तासाभराची उपासना जशीच्या तशी दाखविणें निराळें, आणि पडद्यासाठीं म्हणून कांहीं रचणें निराळें. पहिल्यांत कॅमेरा केवळ खिडकी असतो. दुसऱ्यांत तो कीर्तनकार होतो.

कीर्तनकार हा शब्द येथें सहज आलेला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. कृष्णराव सांगळे यांचें नांव त्यांत प्रमुख आहे. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंगाचा व भजनाचा साज ख्रिस्तभक्तीला चढविला. कीर्तनाची जी घडण आहे ती लघुचित्रास फार उपकारक आहे. पूर्वरंगांत एक विचार मांडावयाचा आणि उत्तररंगांत त्याच विचाराचें एक आख्यान लावावयाचें. दोन विचार एका कीर्तनांत कोंबणारा बुवा श्रोत्यांस घड्याळाकडे पाहावयास लावतो. दोन मिनिटांच्या चित्रांत तर दुसऱ्या विचारास जागाच नाहीं. सावकाश बोलणारा मनुष्य मिनिटास सुमारें शंभर-सवाशें शब्द बोलतो; मधले विराम धरले तर सगळें भाषण दोनशें शब्दांच्या आंत बसवावें लागतें. म्हणून कॅमेऱ्याआधीं कागद हातीं घ्यावा.

विषय कोठें शोधावा? स्वतः ख्रिस्तानें दृष्टांतांनीं उपदेश केला, आणि ते दृष्टांत बहुतेक घरगुती आहेत. हरवलेल्या नाण्याचाच घ्या. दहा नाण्यांपैकीं एक हरवतें. बाई दिवा लावते, घर झाडते, नाणें सांपडतांच शेजारणींना हांक मारते. यास राजवाडा नको, उंट नको, खोट्या दाढ्या नकोत. लालबागच्या चाळींतील एक खोली, कॉटखालीं शिरणारा केरसुणीचा आवाज, टॉर्चचा फिरता उजेड, आणि शेवटीं गॅलरींतून दिलेली हांक, एवढें पुरतें. तेथें कोणी समोर उभें राहून “पश्चात्ताप करा” असें सांगूं लागलें कीं चित्र मेलेंच म्हणून समजावें. इ. स. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या बोलपटांत दामले व फत्तेलाल यांनीं भक्तीइतकीच जिजाईची म्हैसही मन लावून रंगविली. तो चित्रपट घरोघर पोहोंचला याचें एक कारण हेंच होय.

आंखूड देखाव्याचें शिक्षण घेण्यास परळ-लालबागच्या माणसानें फार दूर जावयास नको. गणेशोत्सवांतील हलते देखावे प्रत्येकानें पाहिलेले असतात. पडदा बाजूस होतो, दिवे पालटतात, ध्वनिमुद्रित निवेदन चालू होतें, आणि रांग पुढें सरकावयाची असल्यामुळें कांहीं मिनिटांत कथा पुरी करावीच लागते. मोबाइलवर पाहणाराही रांगेंतलाच मनुष्य आहे. त्याचें बोट सदा पुढें सरकण्याच्या तयारींत असतें. पहिल्या पांच सेकंदांत चर्चचें नांव, मंडळाचें बोधचिन्ह आणि आभारप्रदर्शन दाखविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां उजेड आणि आवाज. नवशिके उजेडाची काळजी करतात आणि आवाजाची करीत नाहींत. वस्तुतः अंधुक चित्र लोक सोसतात, अस्पष्ट बोलणें सोसत नाहींत. जुन्या चर्चचें उंच छप्पर व दगडी भिंती गायनास गोडवा देतात, पण तोच घुमारा बोललेले शब्द एकमेकांत मिसळून टाकतो. उपाय साधा आहे. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या छातीपाशीं, वीतभर अंतरावर असावा. पंखे बंद करावेत. आणि दादरसारख्या ठिकाणीं सकाळीं लवकर, बसगाड्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वीं काम उरकावें. उजेडाचा नियम एवढाच कीं खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशीं नको, समोर किंवा बाजूस हवी. पाठीशीं असली कीं चेहरा काळा पडतो. दादरचें पोर्तुगीज चर्च मूळ इ. स. १५९६ चें, त्याची आजची वास्तु चार्ल्स कोरिया यांनीं १९७० नंतरच्या दशकांत रचली, आणि तींत मधून मधून उघडीं आंगणें ठेविलीं. अशा आंगणाच्या कडेस सांवलींत बसविलेला मनुष्य विकतच्या दिव्यांवांचून उत्तम दिसतो.

कल्पकतेविषयीं पुन्हां फाळक्यांकडेच वळावें लागतें. इ. स. १९१२ त विलायतेहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनीं प्रथम कोणाही देवाचें चित्र काढलें नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला आणि सुमारें महिनाभर थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर तो अंकुर मिनिटाभरांत वाढून वेल झाला, आणि तें पाहूनच भांडवल देणारा पुढें आला. हिशेब मनोरंजक आहे. त्या काळीं सेकंदास सुमारें सोळा चित्रें धांवत, म्हणजे मिनिटास ९६०. तीस दिवस एका मिनिटांत बसवावयाचे तर दर पाऊण तासास एक चित्र येतें. हीच युक्ति आज मोबाइलमध्यें तयार मिळते. ईस्टरच्या आदल्या रात्रीं लावलेली मेणबत्ती दोन तास जळते असें धरलें, आणि ती वीस सेकंदांत दाखवावयाची असली, तर सेकंदास पंचवीस चित्रांप्रमाणें पांचशें चित्रें लागतात. दर चौदा-पंधरा सेकंदांस एक. मोबाइल मात्र तिवईवर पक्का बांधलेला असावा. नाताळचा गोठा उभा राहतांना, पेंढा पसरण्यापासून तारा टांगण्यापर्यंत, असाच टिपतां येतो.

कांहीं गोष्टींपाशीं कॅमेऱ्यानें थांबावें. पापनिवेदन, शोकाकुल कुटुंब, आजाऱ्यासाठीं चाललेली प्रार्थना यांचीं चित्रें कितीही परिणामकारक असलीं तरी घेऊं नयेत. मुलांचीं चित्रें प्रसिद्ध करण्यापूर्वीं आईबापांची संमति घ्यावी. दुसऱ्याचें गीत वापरावयाचें तर त्याची परवानगी हवी. गीत पवित्र आहे म्हणून त्याचा मालक नसतो असें नाहीं.

मुंबईच्या बाबतींत या उद्योगास आणखी एक निकड आहे. गिरगांवांतील खोताची वाडी, माझगांवची मातारपाखाडी अशा ठिकाणीं ईस्ट इंडियन कुटुंबांचीं लांकडी घरें अजून उभीं आहेत. पण त्यांची संख्या घटत आली आहे. इ. स. १८८७ मध्यें या समाजानें ईस्ट इंडियन हें इंग्रजी नांव घेतलें खरें, तथापि त्याची घरची बोली मराठीचीच. लग्नांतलीं गाणीं, वाटेवरच्या क्रूसापुढें म्हणावयाच्या प्रार्थना, इ. स. १८९६ च्या प्लेगनंतर ते क्रूस कसे उभे राहिले याच्या आठवणी, हें सर्व बहुतांशीं वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं आहे. नातवंडें इंग्रजींत बोलतात. अशा आजीस पुस्तकी मराठी बोलावयास लावूं नये. तिचेच शब्द, तिचेच हेल राहूं द्यावेत, आणि खालीं लिहिलेला मजकूर मात्र सर्वांस कळेल असा द्यावा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात, तेव्हां हा मजकूर तसाही लागतोच.

काम झाल्यावर मूळ चित्रण पुसून टाकण्याची घाई करूं नये. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारें ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा होता. आज पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें उरलीं आहेत, आणि तींही १९१३ चीं कीं फाळक्यांनीं पुन्हां काढलेल्या १९१७ च्या चित्रपटाचीं, याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. म्हणून प्रत्येक चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरीं ठेवाव्यात, आणि प्रत्येकीबरोबर तारीख, जागा, बोलणाऱ्याचें नांव व गाण्याचे संपूर्ण शब्द कागदावर शाईनें लिहून ठेवावेत.